बेटांचे मुद्दल

लक्ष्मीपूजन आटोपले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' उमटले, की लाभपंचमीपर्यंत पेढीला थोडी उसंत मिळते. व्यापारी कुटुंबांच्या वर्षातील हे मोजके निवांत दिवस. पूर्वी ते तीर्थयात्रेत किंवा मुलांच्या आजोळी जात असत. आता त्यांत परदेशप्रवासाचीही भर पडली आहे, आणि त्या प्रवासांच्या यादीत मॉरिशसचे नाव बरेच वर असते. मुंबईहून सुमारे सहा तासांचे विमान, घड्याळात अवघा दीड तासाचा फरक, भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसाची आवश्यकता नाही. कुटुंबकबिल्यासह निघावयास आणखी काय हवे? माहितीपत्रकात निळे पाणी असते, माडांच्या सावलीत विसावलेले रिसॉर्ट असते, हिरवळीवर गोल्फ खेळणारे गृहस्थ असतात आणि तोंडाला मास्क लावून पाण्यावर तरंगणारी मुले असतात. ही चित्रे खोटी नाहीत. मात्र ते निळे पाणी कोणाच्या बळावर उभे आहे आणि ते किती काळ टिकेल, हा प्रश्न माहितीपत्रकात नसतो. मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हा भेद ज्यांना बालपणीच शिकविला जातो, त्या आपल्या वाचकांनी तो अवश्य विचारावा.

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे असून ते ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेले आहे. त्याचा खडक काळा; किनाऱ्याची वाळू मात्र पांढरीशुभ्र. याचे कारण असे, की ही वाळू बेटाच्या खडकाची नव्हेच. समुद्रातील प्रवाळांचा आणि शंखशिंपल्यांचा दीर्घकाळ चुरा होत होत ती साठली आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर या प्रवाळांनी बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी बांध घातला आहे. महासागराच्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आतले उथळ, नितळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते संथ राहते. दक्षिणेस सूयाक गावाजवळ ग्री-ग्री नावाच्या ठिकाणी या बांधात खंड पडला आहे. तेथे लाटा थेट कड्यावर येऊन आदळतात आणि पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. बांध नसता तर सारा किनारा कसा असता, याचे उत्तर त्या एका जागी उभे राहिले की मिळते.

रिसॉर्टचे भाडे, नौकेचे तिकीट, वाळूवर काढलेली छायाचित्रे हे सारे व्याज आहे. मुद्दल आहे तो बांध. मोठा, दगडासारखा दिसणारा प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरविणारी सूक्ष्म शैवले त्याला सोडून जातात. तो पांढरा पडतो, आणि हा ताप लांबला तर मरतो. जगभरच्या महासागरांत हे चौथ्यांदा घडत असल्याचे २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. समुद्राचे तापणे एका कुटुंबाच्या सहलीने थांबणार नाही, हे खरे. परंतु जी पेढी आधीच अडचणीत आहे, तिच्यावर आणखी एक हुंडी काढू नये, एवढा विवेक तर आपल्या हाती आहे.

तो विवेक कोठे लागतो, हे पाहावयाचे असेल तर विमानतळापासून जवळच असलेल्या ब्लू बे येथून आरंभ करावा. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातील हा उपसागर १९९७ मध्ये संरक्षित घोषित झाला, आणि २००८ मध्ये त्याचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. ज्यांना पोहता येत नाही, त्या आजी-आजोबांसाठी येथे तळाला काच बसविलेल्या नौका आहेत. बसल्या जागी प्रवाळांची बाग पाहावयास मिळते. तरुणांनी आणि मुलांनी स्नॉर्केलिंग करावे: डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहणे. त्यास मोठे कौशल्य लागत नाही. लागते ती स्वस्थता. घाबरलेला मनुष्य पाय टेकावयास जागा शोधतो, आणि त्याच्या पायाखाली जे येते ते अनेक वर्षांच्या वाढीचे असते. म्हणून मुलांना प्रथम तलावात, नंतर वाळूच्या तळावरील कमरेइतक्या पाण्यात सराव द्यावा आणि मगच प्रवाळांवर न्यावे. बांधातील ज्या खिंडींतून पाणी आतबाहेर करते, तेथे ओढ जबरदस्त असते; त्या बाजूला फिरकू नये. अंगाला मलमांचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. त्वचाही वाचते आणि मलम पाण्यात विरघळत नाही.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. कबुतरांना दाणे आणि माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याची आपल्या घरांत जुनी रीत आहे. नौकेवरील कोणी हातात पाव ठेवतो आणि मुलांभोवती रंगीत मासे गोळा होतात, तेव्हा आपल्याला ती जीवदयाच वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. लगूनमधील कितीतरी मासे प्रवाळांवर वाढणारे शेवाळ चरून खातात आणि त्यामुळे प्रवाळाला श्वास घेण्यास जागा राहते. आयत्या पावाची सवय लागलेला मासा ते काम सोडतो, एका जागी गर्दी करतो, दुसऱ्यांवर तुटून पडतो. उरलेला पाव कुजून पाणी बिघडवतो. जी दया देणाऱ्याला सुख देते आणि घेणाऱ्याचे जीवन मोडते, ती दया तपासून पाहिली पाहिजे. 'जीवविचार' प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत आहे. आजचे जीवशास्त्र त्याला लहान लहान प्राण्यांची वसाहत मानते. वर्गीकरण निराळे असले, तरी तो सजीव आहे यावर दोघांचेही एकमत आहे. त्याला हात लावणे, त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणे यांत ना पोट भरते ना प्रपंच चालतो. अशा निष्प्रयोजन हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड असे स्वतंत्र नाव आहे. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही सांगावयाचे, तर प्रवाळाला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सामानात सापडलेला तुकडा महागात पडतो.

ब्लू बेपासून जवळच, किनाऱ्यापासून सुमारे ८०० मीटरवर, इल ओ झेग्रेत हे सुमारे २६ हेक्टरचे बेट आहे. येथे रिसॉर्ट नाही, नौकाविहार नाही. मार्गदर्शकासोबतच फिरावे लागते. १९६५ पासून राखीव असलेल्या या बेटावर मॉरिशसच्या किनारपट्टीचे मूळचे आबनुसाचे अरण्य उरले आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन त्याची राखण करते. डच लोक १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले, तेव्हा तेथे डोडो पक्षी होता. त्याची शेवटची विश्वसनीय नोंद १६६२ ची मानतात. म्हणजे मनुष्याशी ओळख झाल्यावर तो पुरी शंभर वर्षेही जगला नाही. त्याला केवळ शिकाऱ्यांनी संपविले असे नव्हे. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी त्याची जमिनीवरची अंडी संपविली. कोणाच्याही मनात त्याचा नाश करावयाचा नव्हता, आणि तरीही तो झाला.

त्याच भूमीवर उलट दिशेचा हिशेबही मांडला गेला आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये केवळ चार उरला होता. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास राहिले होते. कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून, शत्रूंपासून राखण करून दोन्ही पक्षी पुन्हा शेकड्यांत आणले. इल ओ झेग्रेतवर गुलाबी कबूतर झाडावर बसलेले दिसते. या बेटाच्या तिकिटाचा पैसा त्याच कामी येतो. मुलांना परदेशात एकच गोष्ट दाखवावयाची असेल, तर ही दाखवावी.

याच किनाऱ्यासमोर २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळांच्या बांधावर चढले. ऑगस्टच्या आरंभी त्यातून सुमारे १,००० टन तेल लगूनमध्ये सांडले. कोरोनामुळे देशाचे दरवाजे बंद होते, हॉटेले ओस होती, एकही पर्यटक नव्हता. तरीही गावोगावचे लोक किनाऱ्यावर आले. उसाचा पाला कापडात भरून, त्याला रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी मैलोगणती तरंगते अडसर शिवले. गिऱ्हाईक नसतानाही ज्याची राखण केली जाते, तेच खरे मुद्दल.

आता गोल्फकडे वळू. पूर्व किनाऱ्यावरील त्रू दो दूस गावाहून नौकेने इल ओ सेर्फवर जाता येते. नावाचा अर्थ हरणांचे बेट; डचांनी १६३९ मध्ये जावाहून हरणे आणली होती. आज तेथे जर्मन खेळाडू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले अठरा होलचे गोल्फचे मैदान आहे. नैर्ऋत्येस बेल ओंब्र येथे जुन्या ऊसमळ्याच्या जमिनीवर मैदान आहे, आणि वाकोआच्या जिमखान्यातील मैदान तर १८४४ पासूनचे, ब्रिटिश अमलातले. गोल्फ हा खेळ व्यापाऱ्यांना आवडतो, त्याचे एक कारण भेटीगाठी हे असेलच. परंतु त्यातील एक नियम आपल्या मुलांनी शिकण्याजोगा आहे. बहुतेक खेळांत चूक पंच पकडतो. गोल्फमध्ये झाडीत, कोणाच्या नजरेआड चेंडू हलला, तर खेळाडूने स्वतःच आपल्यावर दंडाचा फटका लावून घ्यावयाचा असतो. ज्या वहीकडे कोणी पाहत नाही, तीही खरी लिहावयाची. यापेक्षा निराळा सचोटीचा अर्थ आपल्या वाडवडिलांनी तरी कोठे सांगितला?

या हिरवळीमागे मात्र एक व्यापारी इतिहास आहे. मॉरिशसची साखर १९७५ पासून युरोपला हमीभावाने जात असे. युरोपीय संघाने २००६ पासून चार वर्षांत त्या भावात ३६ टक्के कपात केली. ज्यांची सारी उलाढाल एकाच गिऱ्हाइकावर होती, त्या ऊसमळ्यांना नवा धंदा शोधणे भाग पडले, आणि समुद्राकाठच्या मळ्यांवर बंगले, रिसॉर्ट आणि गोल्फची मैदाने आली. २०१९ मध्ये सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात जवळजवळ चौदा लाख पर्यटक आले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, त्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी पूर्णपणे उघडल्या. एका गिऱ्हाइकाच्या जागी दुसरे आले, इतकेच. शिवाय मैदानाला गोडे पाणी लागते, खतही लागते. ते खत पावसाबरोबर लगूनमध्ये उतरले तर शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो. म्हणून मैदान निवडताना दोन प्रश्न विचारावेत: सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला वापरता काय, आणि खताचे पाणी कोठे जाते? उत्तर देणारे व्यवस्थापक सापडतात. विचारणारे पाहुणे कमी असतात.

उत्तरेस ग्राँ बे येथून दोन तळांच्या शिडाच्या नौका क्वँ द मीर, इल प्लात आणि गॅब्रिएल या बेटांकडे जातात. दिवसभराचा हा विहार सुंदर असतो. त्या गॅब्रिएल बेटाची एक आठवण मात्र नौकेवर कोणी सहसा सांगत नाही. १८५६ मध्ये पटकीच्या भयाने हिंदुस्थानातून आलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना येथे उतरविण्यात आले. निवारा नाही, पुरेसे अन्नपाणी नाही. कितीतरी माणसे तेथेच मातीला मिळाली. ज्या वाळूवर आज दुपारची पंगत बसते, तेथे दोन क्षण मौन पाळावे, एवढे आपल्याला करता येईल.

ती माणसे जेथे जाण्यासाठी निघाली होती, तो आप्रवासी घाट राजधानी पोर्ट लुईसमध्ये आहे. १८३४ पासून पुढील काळात साडेचार लाखांहून अधिक मजूर करारावर या बेटावर आले. त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये बांधलेल्या इमारतीचा उरलेला भाग २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी भाषा आणि गणपती दोन्ही राखले. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेतही मराठीचे अध्यापन होते. लगूनच्या काठी ज्याने आपली खोली आवरली, त्या सेवकाचे आडनाव ओळखीचे निघाले तर आश्चर्य मानू नये. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

वेळ आणि पैसा हाताशी असेल, तर शेवटचे तीन दिवस रोद्रिग्ससाठी ठेवावेत. मॉरिशसपासून पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर, दीड तासाच्या विमानप्रवासाने येणारे हे बेट अवघे १०८ चौरस किलोमीटरचे आहे. त्याचे लगून मात्र त्याच्या दुपटीहून मोठे. येथे गोल्फ नाही, भव्य रिसॉर्टची रांग नाही. लहान हॉटेले आणि घरगुती निवास आहेत. येथील लोक समुद्रावर जगतात, त्यांचा व्यवसाय आपल्या आचारात बसणारा नाही. तरीही त्यांनी केलेला एक संयम नोंदविण्याजोगा आहे. २०१२ पासून वर्षातून ठरावीक काळ ते अष्टपाद पकडणे संपूर्ण बंद ठेवतात. ज्यांची चूल त्याच मिळकतीवर पेटते, त्यांनी आपणहून हात आवरता घेतला. आठवडाभर पाहुणे म्हणून आलेल्या आपल्याला त्याहून पुष्कळ कमी आवरावे लागते.

भोजनाची काळजी आपल्या घरांत प्रथम केली जाते आणि ती रास्तच आहे. मॉरिशसची 'ढोलपुरी' म्हणजे डाळीच्या पुरणाची खारी पोळीच. पोळी चालण्याजोगी असली, तरी सोबतच्या रश्श्यात कांदा-लसूण हमखास असतो. कांद्याला 'ओन्यों', लसणाला 'आय', बटाट्याला 'पोम द तेर' हे तीन फ्रेंच शब्द पाठ करून जावेत. नोव्हेंबरमध्ये सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो, आणि रिसॉर्टचे रात्रीचे भोजन बहुधा त्यानंतर मांडले जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, म्हणजे आयत्या वेळी फळांवर भागवावे लागत नाही. नौकाविहारात दुपारी अंगाऱ्यावर मासे भाजतात. आपला डबा निराळा न्यावा किंवा कुटुंबापुरती नौका ठरवावी. माडवर्गीय झाडाच्या कोवळ्या गाभ्याची कोशिंबीर तेथे मोठ्या अभिमानाने वाढतात. ती शाकाहारी आहे, पण तिच्यासाठी आख्खे झाड तोडावे लागते, हे ठाऊक असावे. रोद्रिग्सच्या बाजारात मध मिळतो, तो आपण घेणार नाही. तेथील लिंबे मात्र नावाजलेली आहेत.

दिवाळीचा काळ या प्रवासाला अनुकूल असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तेथे उन्हाळ्याचा आरंभ होतो, लिची पिकते आणि गुलमोहर फुलतो. जानेवारी ते मार्च हा वादळांचा काळ, तो टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो, तेव्हा पूर्वेऐवजी पश्चिम किनारा बरा. एकाच रिसॉर्टमध्ये सारे काही आगाऊ भरून आठ दिवस त्याच कुंपणात काढण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी मुक्काम करावा, गावातील टॅक्सी करावी, बाजारातून फळे घ्यावीत. आपला रुपया बेटावर कोणाच्या हाती थांबतो, हे पाहण्याची दृष्टी व्यापाऱ्याइतकी कोणाला असणार? आणि एवढे लक्षात असावे, की तेथील किनारे भरतीच्या रेषेपर्यंत सर्वांचे आहेत. रिसॉर्टसमोरच्या वाळूवर रविवारी आजूबाजूची कुटुंबे डबे घेऊन येतात, त्यांना त्रासिक नजरेने पाहू नये. यजमान ते आहेत, पाहुणे आपण.

घरी परतल्यावर सहलीचा हिशेब मांडताना खर्चाच्या रकमेशेजारी एक रकाना मुलांना लिहू द्यावा: आपण काय पाहिले आणि ते आपण जसे होते तसे ठेवून आलो काय. त्या रकान्यात शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा यांपैकी काहीही जमा नसेल, तर तो रकाना बरोबर भरला आहे असे समजावे.